आतल्या कोटाचा पहारेकरी

"अरे, तुमचा पहारेकरी झोपलाय का?" अवधूत हेडफोनवर ओरडला. बंगळुरूमधल्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमधून त्याची टीमबरोबर मीटिंग चालू होती. नव्या गेममधलं तटबंदीचं शहर सोमवारी दाखवायचं होतं. आतल्या कोटात सरदार, बाहेरच्या कोटात कष्टकरी, मध्ये एकच वेस. आणि वेशीवरचा पहारेकरी येईल त्याला खुशाल आत सोडत होता.

तेवढ्यात सोसायटीच्या गेटवरून मोबाइलवर विचारणा आली. कोणीतरी आलंय, आत सोडायचं का? शनिवारी सकाळी कसलं मेलं कुरिअर! अवधूतने न बघताच 'नको' दाबलं.

"सिद्धी, सोपं आहे गं. पायात रबरी चप्पल, हातात कापडी पिशवी दिसली की अडवायचं. कितीही विनवण्या करू देत, ऐकायचं नाही."

परत गेटवरून विचारणा. परत 'नको'. "एक काम धड करू देतील तर शपथ!"

टीममधल्या सिद्धीने कोडमध्ये बदल केला. पहारेकरी एकेकाला बरोबर अडवू लागला. "सुटलो एकदाचा," म्हणत अवधूतने हेडफोन काढला, तर अनोळखी नंबरवरून फोन.

"अवधूत, मी बाबा. वॉचमनच्या फोनवरून बोलतोय. पिशवी घेऊन कोथिंबीर आणायला उतरलो, माझा फोन वरच राहिला. हा नवा माणूस काही ऐकतच नाही रे. माझा मुलगा इथे राहतो म्हटलं, तर म्हणतो, तुमच्या मुलानेच दोनदा 'नको' कळवलंय."