एक कार्ड, दोन ड्रायव्हर

"मॅडम, पुन्हा गेलं नेट!" आरोही ओरडली आणि संगणक खोलीतली सगळी पोरं गुंजन मॅडमच्या खुर्चीभोवती गोळा झाली.

मार्तंड सर दारातच थांबले. मॅडम या शाळेत बदलून येण्याआधी हीच पोरं "सर, सर" करत त्यांच्याकडे धावत यायची. जवळा बाजारच्या शाळेत संगणक आले तेव्हापासून शनिवारचा वर्ग त्यांचाच. माऊसला हात लावायला घाबरणाऱ्या पोरांना त्यांनी लिनक्सच्या आज्ञा टाइप करायला शिकवलं होतं. आता सर दारात उभे आहेत, हेसुद्धा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मॅडमचं मात्र लक्ष गेलं. "सर, बघता का जरा? नेट लागतं आणि लगेच तुटतं. मी काय काय केलंय ते सांगते..."

"चालू द्या तुमचं," सर म्हणाले. "नव्या माणसांना जास्त कळतं."

"मॅडम, ड्रायव्हर म्हंजे काय वो?" रुद्रनं मधेच विचारलं.

हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, आणि सर खुर्ची ओढून निवांत उत्तर द्यायचे. आज उत्तर मॅडम देऊ लागल्या.

"नेटवर्क कार्ड म्हणजे संगणकाचा कान. बाहेरचं सगळं कानावर येतं, पण संगणकाला त्याची बोली कळत नाही. मग मधे समजावून सांगणारा कोण?"

"दुभाष्या!"

"बराबर. तोच ड्रायव्हर."

पोरं हसली. सर वळून चालू लागले.

व्हरांड्यात मुख्याध्यापक माणिकरावांनी त्यांना गाठलं. "सर, शनिवारी सेनगावच्या शाळेबरोबर आपला तासभर वर्ग हाये. पडद्यावर तिकडची पोरं, इकडं आपली. नेट टिकलं पाह्यजे. ज्याला हे जमंल त्याचं नाव मी वर कळवणार. काय हाये, वरून विचारणा झालीय की..."

"माहीत आहे मला सगळं," सर तुटकपणे म्हणाले.

"माहीत हाये? मग बरंय. मॅडम लई मनावर घेऊन करून राहिल्या बघा."

"दिसतंय की."

नाव वर गेलं की संगणक खोली मॅडमची. शनिवारचा वर्गही त्यांचाच. सरांना दुपारचा डबा गोड लागला नाही.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत पोरं खिचडीच्या रांगेत होती. मॅडम त्यांना वाढत होत्या. सर संगणक खोलीत शिरले आणि मुख्य संगणकासमोर बसले. सगळ्या खोलीला नेट याच्यातूनच जायचं. कार्ड कोणत्या ड्रायव्हरवर चाललंय, हे त्यांनी संगणकाला विचारलं. पडद्यावर एक नाव आलं. नको असलेल्या ड्रायव्हरांची नावं जिथं लिहितात, ती फाइल सरांनी उघडली आणि ते नाव तिच्यात घातलं. आता पुढच्या वेळी सुरू होताना संगणक त्याला हाक मारणार नव्हता. कान जागेवर, पण दुभाष्या गायब. मॅडम तासभर शोधत बसल्या असत्या, सेनगावच्या लोकांसमोर.

आपल्या हातानं केलेलं तपासून बघा, असं ते पोरांना नेहमी बजावायचे. पण बाहेर पावलं वाजली. त्यांनी संगणक बंद केला आणि बाहेर पडले.

शनिवारी खोली गच्च भरली. माणिकराव पुढे बसले. सर मागे, भिंतीजवळ. मॅडमनी बटण दाबलं.

पडद्यावर सेनगावची पोरं आली. इकडून आरोहीनं हात हलवला, तिकडून बारा हात हलले. मग तिकडच्या बाईंनी गणित घातलं, इकडच्या रुद्रनं सोडवलं. चित्र अडकलं नाही, आवाज तुटला नाही. सर घड्याळाकडे बघत राहिले. तास संपला तेव्हा टाळ्यांनी पत्रे वाजले.

"मॅडम, जमवलं की वो!" माणिकराव उठले.

मॅडम मात्र पडद्यावर वाकून काहीतरी वाचत होत्या. "मी न्हाई जमवलं," त्या म्हणाल्या. "मी नवा ड्रायव्हर बसवला होता. पण जुना आधीच कार्ड धरून बसायचा, नव्याला जवळ येऊ द्यायचा नाही. कोणीतरी त्या जुन्याला बाजूला केलंय. एवढी साधी गोष्ट मला सुचलीच नाही. कोणी केलं हे?"

नवा ड्रायव्हर आत आहे, हे सरांना ठाऊकच नव्हतं. पण ही गोष्ट बाकी कोणाला कुठं कळणार होती?

"मी केलं," ते म्हणाले. "काल मधल्या सुट्टीत."

"सर!" पोरं ओरडली आणि सगळीच त्यांच्याकडे धावली. आरोहीनं त्यांचा हात धरला. किती दिवसांनी! सरांनी पोरांच्या डोक्यांवरून मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. सरांना मनापासून बरं वाटलं.

"मग ठरलं," माणिकराव म्हणाले. "मार्तंड सरांचंच नाव कळवतो. जिल्ह्यातल्या शाळांचे संगणक बघायला वरच्या लोकांना असाच माणूस पाह्यजे होता. सर, सोमवारपासून तुमी हिंगोलीला. तुमाला तर सगळं माहीतच हाये. इथला शनिवारचा वर्ग मॅडम सांभाळतील."

सरांनी आरोहीचा हात घट्ट धरला.

गुंजन मॅडम पोरांमधून वाट काढत त्यांच्याजवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"अभिनंदन, सर," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू हिंगोलीत सासूबाईंकडं आहे. त्याच्याजवळ जाता यावं म्हणून झटत होते हो मी. मला तुमचा वर्ग नको होता."