पदराखालची खारी

पदराखालून खारी काढायची, इकडेतिकडे बघायचं आणि पोरीच्या हातात कोंबायची. एवढाच शॉट होता. आईचं काम करणारी नटी त्याची पुन्हा पुन्हा तालीम करत होती.

"मी खारी दिली नव्हती," शेवंती म्हणाली.

ती कॅमेऱ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मालाडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसात हिरवे पडदे लावून हॉस्पिटल उभं केलं होतं आणि तिथे तिच्याच मुलीच्या मरणाचं शूटिंग चाललं होतं. टीव्हीवरची सत्यघटनांची मालिका. भागाच्या शेवटी खऱ्या आईने दोन शब्द बोलायचे, म्हणून गाडी पाठवून तिला घाटकोपरहून आणलं होतं. बिचारी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसून आली होती.

दिग्दर्शक नितेश तिच्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला. पोरगा वाईट नव्हता.

"मावशी, मला माहितीये ना. पण हॉस्पिटलवाले कोर्टात हेच बोलले होते की ऑपरेशनआधी पोट रिकामं हवं असताना आईने चोरून खायला घातलं, म्हणून पोरगी गेली. आधी ते दाखवायचं. लोकांना वाटलं पाहिजे, आईनेच केलं. मग शेवटी डॉक्टर पकडला जातो. मजा त्यातच आहे ना."

"आणि मधेच कोणी चॅनल बदललं तर?"

नितेश हातातला शॉटचा कागद चाळायला लागला. त्यात डोंबल उत्तर असणार.

श्रुतिकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन सकाळी व्हायचं होतं. भूल देणारा डॉक्टर उगवला संध्याकाळी, आणि ऑपरेशन चालू असतानाच तिला तशीच सोडून दुसऱ्या हॉस्पिटलला पळाला. दिवसभर पोरगी खारी मागत होती. चहात बुडवून एकच दे ना गं आई, म्हणत होती. शेवंतीने दिली नाही. पाण्याचा घोटसुद्धा दिला नाही, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं. पोस्टमॉर्टममध्ये पोट रिकामं निघालं, डॉक्टरला शिक्षा झाली. कोर्टाला पटलं, पण चाळीला कुठे पटलंय? सख्खी जाऊ अजून आपल्या पोरांना शेवंतीच्या हातचं खाऊ देत नाही. आता हे टीव्हीवर आलं की वाटच लागली.

"बघू आपण," नितेश उठत म्हणाला. "आधी मरणाचा शॉट काढून घेऊ. लाइट लागलेत."

बघू आपण म्हणजे काय, ते मुंबईत शेंबड्या पोरालाही कळतं.

मुलीचं काम करणारी सपना ऑपरेशनच्या टेबलावर आडवी झाली. डॉक्टर झालेल्या नटाने तिची नाडी धरली, सोडली, मान हलवली. नर्सने चादर तोंडावर ओढली. शेवंतीने बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. सपनाचा चेहरा काही श्रुतिकासारखा नव्हता. पण चादर वर ओढल्यावर पाय उघडे पडले, आणि पाय काय, कुणाचेही असू शकतात. शेवंतीने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"कट," नितेश म्हणाला. "चादर काढ. कॅमेरा चालू ठेव. सपना, हसून घे."

सपनाने डोळे उघडले आणि कॅमेऱ्यात बघून खुदकन हसली.

शेवंती ताडकन उभी राहिली. "हे काय?"

"रीत हा आमची," तिच्या बाजूला उभा असलेला जयवंत हळूच म्हणाला. सेटवरच्या सगळ्या वस्तू सांभाळायचं काम त्याचं. केस पिकलेला मालवणी माणूस. "मेल्याचा शॉट दिला की लगेच हसायचा. म्हणजे खरोखर काय वाईट होत नाय. टीव्हीवर दाखवत नाय तो."

शेवंती त्या हसणाऱ्या पोरीकडे बघत राहिली.

सपना उठून बसली, पाय खाली सोडून. "नितेशदादा, ब्रेक द्या ना. सकाळपासून पोटात काही नाही. पेशंट सुकलेली दिसली पाहिजे असं तुम्हीच बोललात. चक्कर येतेय यार."

जयवंतच्या हातात पुढच्या शॉटची खारीची बशी होती. शेवंतीने ती मागितली नाही, सरळ काढून घेतली. टेबलाजवळ जाऊन एक खारी मोडली आणि सपनाच्या तोंडापुढे धरली. सपनाने नितेशकडे बघितलं. मग शेवंतीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

शेवंती भरवत राहिली. पांढऱ्या साडीवर चुरा पडत होता, तो तिने झटकला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही पुसलं नाही.

"सावकाश खा," ती म्हणाली. "कोणी ओरडणार नाही."

बशी रिकामी झाली. जयवंतने घसा खाकरला. "सर, शॉटची खारी संपली. खालच्या बेकरीतून आणू?"

नितेशने हातातला कागद दुमडून खिशात घातला. "नको. तो शॉट नाही घ्यायचा."

शेवंतीने रिकामी बशी जयवंतच्या हातात दिली.

"शॉटला नको," ती म्हणाली. "पण आणा. दिवसभर उपाशी आहे पोर."