वाटेकरी

इतिहास थोरामोठ्यांना अमर करतो. आयोवातल्या आमच्या कॉलेजगावात थोर कुणी नसल्यामुळे त्याने मर्लिन व्होसवर भागवलं. तरुणपणी मर्लिन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कप्तान होता आणि त्या हंगामात संघ एकूण एक सामना हरला. तसा पराक्रम पुन्हा कुणाला जमला नाही. आता म्हातारा झाला, तरी न्हाव्याच्या खुर्चीत बसला की कुणीतरी विचारतंच, "कप्तान, नाणेफेक तरी जिंकला होतात का?"

यंदाची पोरंही ओळीने हरत आली होती. आज शेवटचा सामना. मर्लिन आणि त्याची बायको आर्डिस एकच ब्लँकेट गुडघ्यांवर घेऊन थंडीत बसले होते.

"आपलीच पोरं हरावीत म्हणून देवाला साकडं घालतोयस?" आर्डिसने विचारलं.

"हरावीत असं नाही गं. वाटेकरी मिळावेत, एवढंच."

अगदी शेवटी एका पोराने चेंडू छातीशी धरून रेषा ओलांडली. आम्ही जिंकलो. जिंकल्यावर गोलाचे खांब उपटायचे असतात, हे सगळ्यांनी निदान ऐकलेलं होतं. लोक तिकडे धावले. मर्लिनचे हात आपोआप टाळ्या वाजवत राहिले.

तेवढ्यात निवेदकाचा आवाज घुमला, "म्हणजे कप्तान व्होस यांचा विक्रम अबाधित आहे. कप्तान, जरा उभे राहता का?"

धावणारे थांबले, वळले. मर्लिन उठू लागला.

"ऊठ," आर्डिस म्हणाली, "पण ब्लँकेट ओढू नकोस. माझे पाय गारठलेत."