गुराबीची तीट

"आई, हा काळा ठिपका कुठून आला?" मी जवळजवळ किंचाळलेच.

लेक झोपली की मी करवत-कानस घेऊन बसायचे. अशा चोरलेल्या दुपारींतून ही हातभर लांबीची सागवानी गुराब उभी राहिली होती, मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाची प्रतिकृती. जुन्या चित्रांत नाही ते काहीही लावायचं नाही, ही संग्रहालयाची अट. आणि ती तपासायला आलेले गृहस्थ दारात चपला काढत होते.

"अगं, ठिपका कसला? तीट लावलीय," सासूबाई काजळाची डबी मिटत म्हणाल्या. "इतकी देखणी झालीय, उद्या सगळं गाव बघणार. दृष्ट नको लागायला."

मी ओढणीच्या टोकाने पुसायला गेले. घरचं काजळ, तुपातलं. लाकडात आणखीच मुरलं.

गृहस्थांनी भिंग काढलं. शिडं, दोर, तोफा, सगळ्यांवरून ते फिरलं आणि पुढच्या टोकाच्या एका अंगाला, तिटेवर येऊन नेमकं थांबलं.

"हे कुठल्या चित्रात आहे?"

इतक्या दुपारी गेल्या म्हणायच्या पाण्यात! सासूबाई मात्र पदर खोचून पुढे झाल्या.

"चित्र काढणाऱ्याला नसेल दिसलं. पण लढाईला निघालेल्या त्या पोरांना आया होत्याच की हो!"

माझ्या कडेवर नुकतीच उठलेली लेक डोळे चोळत होती. तिच्या गालावरच्या तिटेकडे गृहस्थांनी बराच वेळ पाहिलं, मग भिंग खिशात ठेवलं.

"राहू दे. पण आमच्या कपाटाला मागूनही काच आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "त्या बाजूलाही एक लावून द्या."