ओल्या रस्त्यावरची पकड

माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये शेवटी असतं काय, तर चार तळहातांएवढं रबर. नवरा हे वाक्य गेला महिनाभर जेवताना, दात घासताना आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतानाही म्हणाला होता. ते त्याने टायरच्या जाहिरातीतून उचललं होतं आणि आता स्वतःचं म्हणून खपवत होता.

आत्ता तो ते टायरवाल्याला ऐकवत होता. बायको मांडीवर बॅग घेऊन दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती.

गाडी बाहेर उभी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, सेकंडहँड. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं बसायचं, आणि उतरताना कुणाचा तरी हात मागायचा. नवरा दर रविवारी ती पेट्रोल पंपापर्यंत नेई आणि पेट्रोल भरून परत आणी. तेवढ्यातही टायर गुळगुळीत झाले होते, कारण ते आधीच्या मालकाच्या काळातले होते.

परवा माहेराहून भावाचा फोन आला होता. "ताई, आई सारखी दाराकडे बघतेय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं त्यांनी भेटून घ्या."

तिने लगेच बॅग भरली. बसने जाते म्हणाली.

"दारात स्पोर्ट्‌स कार असताना माझी बायको बसने जाणार? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मग गाडीने चला. आत्ता निघू."

"या टायरांवर? डोंगरातल्या वळणांवर घसरलो, तर तुझ्या भावाला एकदमच तिघांसाठी रडावं लागेल."

काल दिवसभर दुकानं पालथी घातली. आज सकाळी हे दुकान उघडलं, तेव्हा पायरीवर हे दोघे उभेच होते.

"हा बघा साहेब," टायरवाला म्हणाला. "मऊ रबर. गोचिडासारखा रस्त्याला चिकटतो. फक्त झिजतो लवकर."

"आणि तो?"

"तो टिकाऊ. पण जोरात वळवलात की केकाटतो."

"ओल्या रस्त्यावर?"

"ओल्यावर हा तिसरा. खाचा बघा कशा तिरप्या आहेत. पाणी असं बाजूला फेकतो."

नवरा गुडघ्यांवर बसला. त्याने रबराला नख लावून बघितलं, वास घेतला, कडेला छापलेली तारीख वाचली आणि "हा शिळा आहे" म्हणून एक टायर परत आत पाठवला.

"वहिनींना विचारा की," टायरवाला म्हणाला.

"कोणताही घ्या," ती म्हणाली. "पण घ्या."

"ऐकलंत? कोणताही! हिने नवरासुद्धा असाच केला."

"म्हणजे वहिनी, तुम्हाला गॅरंटी नाही मिळाली."

दोघे हसले. तीही हसली. हसल्याने काम लवकर आटोपतं, असा तिचा अनुभव होता.

शेवटी तिरप्या खाचांवर शिक्कामोर्तब झालं. गाडी वर उचलली गेली. जरा वेळाने नवऱ्याचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर गेला. काचेतून तो फेऱ्या मारताना दिसत होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचे दोन कप होते. लग्न झाल्यापासून त्याने तिला काही आयतं आणून द्यायची ही पहिलीच वेळ.

"कुणाचा फोन?"

"तुझ्या भावाचा."

ती उठलीच. "काय म्हणाला?"

"सावकाश या म्हणाला. अजिबात घाई करू नका म्हणाला. बस, कॉफी गार होईल."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. नवरा टायरवाल्याकडे वळला. "बॅलन्सिंग पुन्हा एकदा बघून घ्या. आता आम्हाला घाई नाही."

मग सगळंच दोनदा झालं. हवा दोनदा बघितली, नट दोनदा आवळले. चाकं पुसली, तीही मऊ फडक्याने.

वाटेत पाऊस लागला. डोंगरातल्या वळणांवर एक ट्रक आडवा होता होता राहिला. ही गाडी मात्र ओल्या डांबरावरून रेघ मारल्यासारखी गेली.

"हलली जरा तरी?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

नवं रबर आहे म्हणून तो गाडी बेताने चालवत होता. काही बायकांचे नवरे दारू पितात, काहींचे हात उचलतात. हा जपून चालवतो. तिने मनाशी ठरवलं, आईला आधी हेच सांगायचं की तुझा जावई तू समजतेस तितका वाईट नाही. आईला हसू येईल. येऊ दे.

दिवेलागणीला ते पोचले. घराची दारं सताड उघडी होती. शेजारची माणसं अंगणातल्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होती. भाऊ पुढे आला आणि हात देऊन त्याने तिला गाडीतून वर ओढलं.

"आई जागी आहे ना रे?"

भावाने तिचा हात सोडला नाही. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

"भावजी, तुम्ही हिला काहीच सांगितलं नाहीत?"

"म्हटलं, वाटेत कशाला," नवरा म्हणाला.

"ताई, आई सकाळीच गेली गं. तुला एकदम धक्का नको म्हणून मी भावजींना कळवलं. म्हटलं, सावकाश या, घाई करू नका, ताई आल्याशिवाय आम्ही आईला हलवत नाही. तर हेच म्हणाले, आमच्यासाठी खोळंबू नका, उरकून घ्या."

तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून खाचांत अडकलेला खडा काढत होता.

"अगं, तेव्हा पुढचे दोनच टायर बसले होते," तो म्हणाला.