सदतीस अंशांची ओळ

२०२३ सालच्या जानेवारीत लेक दिव्यश्री व्हाइटफील्डहून आली ती होसकोट्याच्या वृद्धाश्रमाशी बोलूनच. "अम्मा, आप्पा मलासुद्धा ओळखत नाहीत. तू एकटी किती करणार?"

"ह्यांना सगळं कळतं," रत्नाबाई म्हणाल्या. "बस, दाखवते."

त्यांनी कपाटातून ते पुस्तक काढलं. तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत छापलेलं, ज्या म्हणजे साइन, आणि लॉगरिदम यांच्या कोष्टकांचं. गणिताचे प्राध्यापक असलेल्या त्यांच्या यजमानांना, व्यंकोजीरावांना, ते अव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांत सापडलं होतं. लग्नानंतर कितीतरी संध्याकाळी रत्नाबाईंनी आकडे वाचायचे आणि त्यांनी हिशेब करून ताडून पाहायचे, असं चाले. सदतीस अंशांच्या ओळीत एकाच्या जागी सात छापला होता. "छापखान्यात खिळे जुळवणारा पेंगत होता. मी पकडला त्याला," असं ते पाहुण्यांना सांगत. आता माणसांची नावं गेली होती, घराच्या खोल्याही परक्या झाल्या होत्या. पण संध्याकाळी ती ओळ आली की ते मांडीवर हात आपटून म्हणत, "चूक!" तेवढ्याच्या जोरावर रत्नाबाईंनी आश्रमाचा विषय आजवर परतवून लावला होता.

"सरी, ठीक आहे," दिव्यश्री म्हणाली. "आज ते 'चूक' म्हणाले, तर मी पुन्हा आश्रमाचं नाव काढणार नाही."

रत्नाबाई वाचू लागल्या. पस्तीस. छत्तीस. डोळे भरून आले, ओळी पुसट झाल्या, आणि खरा आकडा इतक्या वर्षांत पाठ झालेला, तोच तोंडून गेला. "सदतीस अंश. सहा, शून्य, एक, आठ..."

छापलेला सात बोटाखालीच राहिला.

व्यंकोजीरावांनी मांडीवर हात आपटला. "चूक!"

दिव्यश्री रडता रडता हसली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "आहेत गं अम्मा, आप्पा आहेत अजून!"

रत्नाबाईंनी पुस्तक मिटलं. "मी म्हटलं नव्हतं?"

व्यंकोजीराव पुढच्या वर्षी गेले, घरीच, स्वतःच्या खाटेवर. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं. आप्पांनी शेवटपर्यंत चूक पकडली, असं दिव्यश्री अजून भेटेल त्याला सांगते, आणि रत्नाबाई मान डोलावतात. त्या दिवसापासून त्यांनी ती ओळ रोज बरोबरच वाचली होती, आणि एखाद्या संध्याकाळी तरी ते गप्प राहतील म्हणून वाट पाहिली होती.