ओलं बोट

टिचकीमावशींचं बोट अडलं. रॉकेटच्या वरच्या टप्प्याच्या पोटावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या टाइल्सच्या अकरा ओळी खणखणीत वाजल्या होत्या. बाराव्या ओळीतली चौथी टाइल मात्र भद्द बोलली.

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा भद्द. म्हणजे नीट चिकटलेलीच नाही. मागे उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. ही ओळ तिची होती, आणि तिला नोकरीत कायम व्हायला आठवडाच उरला होता.

"अगं, काय केलंस काय?"

"गोंद वाळायला लागला होता, आई," सून हळूच म्हणाली. "म्हणून बोट ओलं करून फिरवलं. थुंकीनं. दोन मिनिटं जास्त मिळतात ना."

"हे कुणी शिकवलं तुला?"

सुनेची नजर मावशींच्याच बोटावर गेली. मावशींना काय ते कळलं.

वरच्या टप्प्यावर येण्याआधी नऊ वर्षं खालच्या टप्प्याच्या टाइल्स त्यांनी याच ओल्या बोटानं लावल्या. कधी काही बिघडलं नाही. बिघडणार कसं? खालचा टप्पा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणारं पोर. थोडा वर जातो, वरच्याला ढकलतो आणि माघारी फिरतो. अंग जरा तापतं, एवढंच. वरचा टप्पा मात्र पृथ्वीभोवती फिरून येणार, तोही अशा वेगानं की हवाच त्याला जाळायला उठणार. जाड पत्रा घालावा तर तेवढंच न्यायचं सामान कमी, म्हणून टाइलखालचा पत्रा नखाएवढा पातळ. एक टाइल निसटली की खेळ खलास. कारखान्याचे दोन वरचे टप्पे असेच येताना जळाले होते. का, ते कुणालाच सापडलं नव्हतं.

"काय मावशी, झालं का?" इंजिनिअरसाहेब कागद घेऊन आले. "यंदा तरी घरी आणायचं हं याला!"

"एक पोकळ निघाली."

"एवढ्या पसाऱ्यात एकच? मानलं तुम्हाला! ती बदला आणि ठोका सही. परवा उडवायचंय."

मावशींनी कागद घेतले. पान उलटायला बोट सवयीनं जिभेकडे गेलं आणि तिथंच थांबलं. नाकाकडच्या चाळीस ओळी त्यांच्या हातच्या होत्या, त्याच ओल्या बोटानं लावलेल्या. काल त्यांनी स्वतःच तपासल्या होत्या, आणि एकही भद्द बोलली नव्हती. आता तोंड उघडलं तर दोघींची नोकरी जाणार होती. सुनेनं मान हलवली, नको म्हणून.

"साहेब, नाकाकडच्या चाळीस ओळी काढा. माझ्या आहेत त्या. थुंकी लावलीय. जळालेल्या त्या दोन्हींनासुद्धा लावली होती, आणि त्याही टिचकीला खणखणीतच वाजल्या होत्या."

साहेबांना आधी चेष्टाच वाटली. हसत हसत ते पुढे झाले आणि त्यातल्या एका टाइलवर त्यांनी टिचकी मारली.

खणखणीत वाजली.